पाळण्यावरचा डोळा

या, असे पुढे या. मागे खांबाला टेकून बसलेल्यांनीही सरकून घ्या, सतरंजीवर जागा आहे. कीर्तनात पुढे बसणाऱ्याला कीर्तनकाराचा चेहरा दिसतो आणि शेवटच्या रांगेतल्याला फक्त आवाज पोचतो. आजच्या गोष्टीला दोन्ही लागणार आहे, म्हणून जवळ बसा. गोष्ट काल-परवाची आहे, फार लांबची नाही. पूर्वरंगात थोडं लहरींचं निरूपण येईल, तेवढं गोड मानून घ्या. उत्तररंगात एक बाळ आहे.

कराडला विद्यानगरच्या पलीकडे कोयनाई नावाचं गृहसंकुल. मधे मोठं अंगण, अंगणात रामाचं छोटं देऊळ आणि भोवती उंच इमारती. देवळासमोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर कल्याणीताई खासनीस राहत. नारदीय कीर्तन करणाऱ्या. घरात मुलगा निनाद, सून शर्वरी आणि पौषात जन्मलेली नात. नात दिवस भरायच्या आधीच आली. रुग्णालयाच्या काचेच्या पेटीत बरेच दिवस काढून ती घरी आली, तेव्हा तिचं बारसंही झालेलं नव्हतं. सगळे तिला चिमणी म्हणत.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आई-वडिलांना समोर बसवलं.

"ही कधीकधी श्वास घ्यायला विसरेल," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. लवकर आलेल्या बाळांचं असं होतं. मेंदूत श्वासाची घडी अजून नीट बसलेली नसते. तळपायाला, पाठीला हात लावलात की तिला आठवेल. मोठी होईल तसं हे आपोआप थांबेल. पण तोवर तिच्यावर सतत लक्ष हवं."

"विसरली तर किती वेळात हात लावायचा?" शर्वरीने विचारलं.

"लगेच."

या एका शब्दाभोवती खासनीसांचं घर फिरू लागलं.

शर्वरी रेडिओलहरींची इंजिनियर होती. गावोगावचे पाण्याचे मीटर आपलं वाचन बिनतारी पाठवत. कुठल्या मीटरने कुठल्या पट्ट्यात बोलायचं, म्हणजे मीटरांची एकमेकांत भांडणं होणार नाहीत, हे ठरवणं तिचं काम. त्यामुळे बेबी मॉनिटर निवडायची जबाबदारी कुणी तिच्यावर टाकली नाही, ती आपोआपच तिच्याकडे गेली. जेवणाच्या टेबलावर तिने तीन मॉनिटर मांडले आणि ताटं ओट्यावर गेली.

पहिला तारेचा होता. कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत वायर.

"हा सगळ्यात बरा," शर्वरी म्हणाली. "तारेला कुणाचा त्रास नाही. फक्त भिंतीला भोक पाडावं लागेल."

"परवाच रंग दिलाय," निनाद म्हणाला. "आणि पडदा एकाच खोलीत राहणार. मी ऑफिसात असलो तर? तू अंघोळीला गेलीस तर?"

दुसरा बिनतारी, जुन्या चालीचा. लहर पोचली नाही की त्याचा पडदा काळा होई आणि तो पी-पी-पी ओरडे.

तो लावला. आणि तो ओरडू लागला.

आता थोडं निरूपण. हवा मोकळी दिसते, पण लहरींना तिच्यात मोजक्याच गल्ल्या आहेत. त्यातली एक गल्ली अशी, की तिथे शिरायला परवाना लागत नाही. साहजिकच सगळे तिथेच येतात. वाय-फाय तिथे, कानातले हेडफोन तिथे, दाराची बेल तिथे, शेजाऱ्यांचा फरशी पुसणारा रोबो तिथे. मायक्रोवेव्ह लावला की त्याच्या दारातून थोडी गळती होते, तीही तिथेच. दोघं एकदम बोलले की दोघांचंही ऐकू येत नाही. मग दोघं थांबतात, पुन्हा बोलतात, पुन्हा अडखळतात. त्यात माणसाचं अंग म्हणजे बहुतेक पाणीच, आणि या लहरी पाण्यात विरतात. रिकाम्या खोलीत सुखाने पोचणारी लहर माणसांनी भरलेल्या खोलीत पोचेलच असं नाही. कोयनाईत शेकडो घरं आणि प्रत्येक घरात बोलणारी डझनभर यंत्रं. मॉनिटर ओरडला नसता तरच नवल.

तो वरणाला फोडणी देताना ओरडला. निनाद मीटिंगमध्ये असताना ओरडला. कल्याणीताई जपाला बसल्या असताना ओरडला. दरवेळी कुणीतरी धावत जाई आणि चिमणी गाढ झोपलेली असे. हळूहळू धावण्याचं चालणं झालं. एके दुपारी मॉनिटर ओरडत राहिला आणि घरातले तिघंही आपापल्या जागेवरून एकमेकांकडे बघत राहिले. कोण उठतंय याची वाट बघत.

त्या दुपारी शर्वरीने तो काढला आणि तिसरा लावला. त्याचं नाव 'सोबत'.

'सोबत' नवीन होता. पाळण्यावर टांगायचा एक वाटोळा डोळा. तो चित्र तर पाठवेच, शिवाय बारीक लहरी सोडून बाळाच्या छातीवरून परत आलेल्या लहरी मोजे आणि श्वासाचा आलेख काढी. बाळ दचकू नये म्हणून पाळण्याजवळ भोंगा नव्हता. श्वास थांबला तर इशारा आई-वडिलांच्या फोनवर येई. पण त्याची खरी करामत वेगळी होती. लहर तुटली तरी त्याचा पडदा काळा होत नसे. डोळ्याने आधी पाठवलेली असंख्य चित्रं त्याच्या स्मरणात असत. या बाळाचा चेहरा, ही दुलई, ही छातीची हालचाल. मधला तुकडा पोचला नाही तर पडदा तो स्वतःच काढी, आणि खरा तुकडा आला की त्याला जोडून घेई. जोड दिसत नसे. कोपऱ्यात फक्त एक करडा ठिपका उमटे. 'आत्ताचं हे माझ्या मनाचं आहे' असं सांगणारा. तो ठिपका असला पाहिजे असा नियम होता. किती मोठा असावा याचा नव्हता.

शर्वरीने घरभर फिरून मोजमाप घेतलं. त्यांच्या घरात लहर तुटे ती पापणी लवण्याइतकी. तेवढं चित्र यंत्राने भरलं तर काय बिघडतं? तिचा हिशोब बरोबर होता. घरात लोक झोपू लागले, जेवू लागले. निनाद पुन्हा विनोद करू लागला.

कल्याणीताईंना तर हे यंत्र फार आवडलं. संध्याकाळी रामनवमीच्या कीर्तनाची तालीम चालली होती आणि विसूभाऊ आले होते. विसूभाऊ म्हणजे विश्वंभर लोखंडे. एसटीच्या डेपोत नोकरी झाली आणि उरलेलं आयुष्य ताईंच्या मागे झांज घेऊन उभं राहण्यात गेलं. कीर्तनकार ओळ गातो, ओळीच्या शेवटी त्याचा दम संपतो, तेव्हा मागचा साथीदार ती ओळ उचलतो. तेवढ्यात पुढच्याचा श्वास भरून होतो. ऐकणाऱ्याला पद तुटल्यासारखं वाटत नाही. विसूभाऊंचा आवाज गोड नव्हता. घोगरा, थोडा फाटलेला, पण ओळ उचलण्यात ते कधी चुकले नाहीत.

"म्हणजे हे यंत्र विसूभाऊच की!" शर्वरीने समजावून सांगितल्यावर ताई म्हणाल्या. "माझा दम संपला की मागून उचलायचं."

"मग आता मला नारळ द्या, ताई," विसूभाऊ म्हणाले. "त्याला फक्त झांज धरायला शिकवा."

"तुमच्यात नि त्याच्यात एक फरक आहे. त्याच्यामुळे बाळ झोपतं. तुम्ही ओळ उचललीत की उठतं."

"उठायलाच हवं. कीर्तनात झोपण्यासारखं पाप नाही."

ताई हसल्या आणि त्यांनी नवीन पाळणा गाऊन दाखवला. रामजन्माचा, स्वतः रचलेला.

*हळू हळू हाल पाळण्या, दमला रामराया,*
*इवल्या इवल्या श्वासांवर आईची छाया.*

निनादने त्याच आठवड्यात आईसाठी नवा माईक आणला होता. पदराला लावायचा, नखाएवढा. पूर्वी ताई माईकशिवाय गात. त्यांचे गुरू त्यांना मंडपाच्या एका टोकाला उभं करत आणि स्वतः दुसऱ्या टोकाच्या भिंतीशी जाऊन म्हणत, "माझ्यापर्यंत येऊ दे." आता साठीनंतर दम पुरत नव्हता. नव्या माईकमध्येही 'सोबत'सारखीच युक्ती होती. तालमी ऐकून ऐकून त्याने ताईंचा आवाज ओळखीचा करून घेतला होता, म्हणजे लहर तुटली तरी गाण्यात खरखर येऊ नये. ताईंना त्याच्या आतलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं, की मागच्या वर्षीसारखं होणार नाही.

मागच्या वर्षी काय झालं, ते अख्ख्या कोयनाईला पाठ होतं. रामजन्माची घटका आली, ताईंनी हात वर केले, लोक फुलं घेऊन उभे राहिले, आणि कर्ण्यातून एक परका आवाज आला, "मॅडम, पार्सल गेटवर ठेवलंय, खाली या." वॉचमनच्या वॉकीटॉकीने ताईंच्या माईकची गल्ली पकडली होती. लोक हसले. ताईही हसल्या. पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

म्हणून यंदा रामनवमीच्या आदल्या दिवशी शर्वरी मोजणीचं यंत्र घेऊन अंगणात फिरली. वर येऊन ती निनादला म्हणाली, "सगळीकडे गर्दी आहे. एकच पट्टा स्वच्छ सापडतोय. त्यात एकच काहीतरी मावेल."

"त्यात आत्ता कोण आहे?"

"चिमणीचा मॉनिटर."

"मग राहू दे ना."

"आणि आईंचा माईक? जन्माच्या वेळी पुन्हा पार्सल आलं तर?" शर्वरी म्हणाली. "मॉनिटरला मी शेजारच्या पट्ट्यात टाकते. तिथे थोडी गर्दी आहे, पण तो तुटलेलं सावरून घेतो. आणि तू तर घरातच आहेस."

"बघ बाबा. लहरींचं तुला कळतं."

कीर्तनकाराच्या घरात असंच ठरणार होतं. त्या घरात लहानपणापासून निनादने एकच शिस्त पाहिली होती. नारदाच्या गादीवर कीर्तन उभं राहिलं की ते तुटता कामा नये. गादीसमोरून कुणी आडवं जात नाही. गादीवरच्या माणसाला कुणी हाक मारत नाही, आणि गळ्यात हार असेपर्यंत कीर्तनकारही घरच्या कुणाचं नाव घेत नाही. तिथे आई आई नसते. फोन तर वाजतच नाही. शर्वरी बाहेरून आली असली तरी या घराचं तिने मनापासून घेतलं होतं.

रामनवमीला अंगण भरलं. बायका, माणसं, मुलं, सगळ्यांच्या खिशात फोन. मंडपवाल्याने आपले बिनतारी माईक आणले होते. परगावच्या लोकांना घरबसल्या दर्शन व्हावं म्हणून दोन पोरं कॅमेरे लावून बसली होती. आदल्या दिवशी शर्वरीने अंगण मोजलं होतं ते रिकामं. आज तिथे माणसांची, म्हणजे पाण्याची, भिंत उभी होती.

कोयनाईत रीत अशी, की रामाच्या पाळण्याची दोरी संकुलातल्या सगळ्यात नव्या आईच्या हाती द्यायची. यंदा तो मान शर्वरीचा. पूर्वरंग झाला, नामस्मरण झालं, ताईंच्या गळ्यात हार पडला. उत्तररंगात अयोध्या उभी राहिली. जन्माची वेळ जवळ आली तशी शर्वरी खाली आली. चिमणीजवळ निनाद थांबला. शर्वरीच्या एका हातात रेशमी दोरी, दुसऱ्या तळहातात फोन. फोनचा आवाज बंद. पडद्यावर चिमणी झोपलेली.

वर निनादनेही फोन मुका केला होता, ती नुकतीच झोपली होती म्हणून. जन्माचा गजर झाला, फुलं उडाली, तसा तो खोलीतून गॅलरीत आला. आईचा पाळणा त्याला टिपून ठेवायचा होता. फोनच्या एका कोपऱ्यात त्याने चिमणीचं चित्र ठेवलं आणि बाकीच्या पडद्यात अंगण. खोली चार पावलांवर होती. त्याच्या दृष्टीने तो तिच्याजवळच होता.

ताईंनी पाळणा धरला. "हळू हळू हाल पाळण्या..." शर्वरीने दोरी ओढली. पितळी पाळणा हलला. "दमला रामराया..." बायकांनी ठेका धरला. ताई दुसऱ्या ओळीवर आल्या. "इवल्या इवल्या श्वासांवर..." आणि इथे त्यांचा दम संपला. त्या थांबल्या. ओठ मिटले. मान किंचित मागे करून विसूभाऊंना जागा दिली.

कर्णा मात्र थांबला नाही.

"...आईची छाया," कर्ण्यातून ताईंचा आवाज आला. गोड, भरलेला, सलग. मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. यंदा ताईंचा दम बघा, कुणीतरी म्हणालं.

विसूभाऊंनी ओळ उचलायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. उचलायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी ताईंच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं, मग कर्ण्याकडे.

शर्वरी पुढेच उभी होती. तिने दोघांचे चेहरे पाहिले आणि तिला काय झालं ते समजलं. लहरी तुटल्या होत्या. ताईंची शांतता माईकपासून त्याच्या लहरी झेलणाऱ्या, कर्ण्याला जोडलेल्या पेटीपर्यंत पोचलीच नव्हती. पेटीला एवढंच कळलं, की तुकडा आला नाही. मग तिने ओळखीच्या आवाजात पुढचं गाऊन टाकलं.

शर्वरीने तळहातातला फोन वर घेतला.

चिमणी झोपलेली होती. छाती वर, खाली. वर, खाली. आलेख नदीच्या संथ लाटांसारखा, एकसारखा. शर्वरीने घरी आल्यापासून तो आलेख रोज पाहिला होता, आणि तो एकसारखा कधीच नव्हता. चिमणी भरभर श्वास घेई, मग अडे, मग एक मोठा उसासा, मग पुन्हा भरभर. इतकं नीटनेटकं ती कधी जगलीच नव्हती. ही तिच्या सगळ्या श्वासांची सरासरी होती.

कोपऱ्यात करडा ठिपका होता.

शर्वरीने निनादला फोन लावला. लागला नाही. तिने वर पाहिलं. तो गॅलरीत ओणवा होऊन अंगण टिपत होता. ती ओरडली. तिचा आवाज कर्ण्याखाली, टाळ्यांखाली गेला. निनादने तिच्याकडे बघून हात हलवला.

तिने दोरी सोडली आणि ती गादीवर चढली. लोकांत कुजबुज झाली. कोयनाईत असं कुणी केलं नव्हतं.

"आई, चित्र खोटं आहे," ती म्हणाली. "निनादला सांगा, बाळाला हात लाव."

ताईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. पदराला लावलेला माईक त्यांनी उपटला आणि खाली टाकला. गळ्यात हार तसाच होता. दम संपलेला होता, तो भरायला त्या थांबल्या नाहीत. चौथ्या मजल्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली.

"निनाद! चिमणीला हात लाव!"

ती हाक कुठल्या गल्लीतून गेली नाही. तिला पट्टा लागला नाही, पेटी लागली नाही. अंगणाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत आवाज न्यायला ज्या बाईने उमेदवारी केली होती, तिची ती हाक होती. गॅलरीतला फोन खाली पडला, तोच प्रथम लोकांना दिसला. निनाद तिथे नव्हता.

शर्वरी जिन्याकडे पळाली. अंगणात कर्णा ताईंच्या आवाजात पाळण्याचं पुढचं कडवं गात राहिला आणि ताई खाली मान घालून, गळ्याला हात लावून उभ्या होत्या. विसूभाऊंनी झांज खाली ठेवली, कर्ण्याचा प्लग ओढून काढला, परत येऊन झांज उचलली आणि तोच पाळणा पहिल्यापासून धरला. घोगऱ्या, फाटक्या, आपल्या स्वतःच्या आवाजात. शर्वरीच्या हातून सुटलेली दोरी कुणीतरी उचलली. कीर्तन तुटलं होतं आणि तुटलं नव्हतं.

शर्वरी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचली तेव्हा वरून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं. ती तिथेच पायरीवर बसली. मग उठून वर गेली.

निनाद पाळण्याशी गुडघ्यांवर होता. चिमणीचा एक पाय त्याच्या मुठीत होता आणि तो सोडायला तयार नव्हता.

"निळी झाली होती," तो म्हणाला. "मी काहीच केलं नाही गं. फक्त पाय धरला."

तेवढंच करायचं होतं.

चिमणी काही दिवस पुन्हा रुग्णालयात राहिली आणि बरी होऊन आली. यंत्र बनवणाऱ्यांची माणसं येऊन तपासून गेली. यंत्रात बिघाड नव्हता. इशारा डोळ्याने पाठवला होता, तो गर्दीत हरवला. ठिपका उमटला होता. सगळं सांगितल्याप्रमाणे चाललं होतं. शर्वरीला हे त्यांच्याआधीच माहीत होतं.

निनादने स्वतः ड्रिल आणून नव्या रंगाच्या भिंतीला भोक पाडलं आणि तारेचा मॉनिटर लावला. 'मग राहू दे ना' हे आपलं वाक्य त्याने पुन्हा कधी काढलं नाही. तो काढत नाही, हे शर्वरीला रोज ऐकू येई. शेवटी एका दुपारी तीच म्हणाली, "तू सांगत होतास."

"मी लगेच गप्पही बसलो," निनाद म्हणाला. "आणि गॅलरीत मीच गेलो होतो." मग जरा वेळाने, "जा, हात लावून बघ." त्या घरात तेव्हापासून मॉनिटरवर बाळ कितीही छान दिसलं तरी कुणीतरी उठे आणि हात लावून येई. दोघांचा समेट झाला तो असा, येता-जाता, पाळण्याच्या दोन बाजूंनी.

ताईंचा आवाज मात्र गेला. संपलेल्या दमावर मारलेल्या हाकेने गळ्यातला स्वरतंतू फाटला, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं परत आलं, तेही पुटपुटल्यासारखं. गाणं आलं नाही.

माईक बनवणाऱ्यांकडून एक तरुण मुलगी घरी आली. मोठी सालस होती. म्हणाली, "आजी, तुमचा आवाज यंत्राकडे शाबूत आहे. तुम्ही नुसते शब्द पुटपुटा, गाणं ते गाईल. तुमच्याच आवाजात. लोकांना कळणारही नाही." तिने ऐकवलं. खोलीत ताईंचा पाळणा भरून राहिला. निनादच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, आईने हो म्हणावं.

ताईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"छान गाते," त्या पुटपुटल्या. "श्वास कुठे घेते गं ही?"

"घेत नाही," शर्वरी म्हणाली.

"मग ती मी नव्हे." ताईंनी त्या मुलीला बसवून चहा दिला. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "विसूभाऊ इतकी वर्षं माझी ओळ उचलतात. पण त्यांच्या आवाजात. डोळे मिटून बसलेल्यालाही कळतं, की कल्याणी थांबली. मी थांबले हे कळायला हवं, बाळा. हात लावणाऱ्याला त्याशिवाय कसं समजेल, कधी यायचं ते?"

पुढच्या वर्षीपासून कोयनाईत रामनवमीचं कीर्तन असं होऊ लागलं. ताई गादीवर उभ्या राहून हळू आवाजात कथा सांगत, आणि पदं विसूभाऊ गात. ऐकायला जवळ बसावं लागे. बरेच लोक यायचे थांबले हे खरं आहे. जे येत ते सतरंजीवर पुढे सरकत. पहिल्या रांगेत एक मुलगी झांज घेऊन बसे आणि ती चुकीच्या जागी वाजवी. बारशात तिचं नाव मैथिली ठेवलं होतं, पण हाक चिमणी म्हणूनच. विसूभाऊ तिला म्हणत, "मी थांबलो ना, की वाजव. आधी नको. मला थांबू दे."

मागच्या फाल्गुनात विसूभाऊ गेले. यंत्राकडे त्यांचा आवाज नाही. तो साठवावा असं कुणाला वाटलं नव्हतं, आणि ते स्वतः ऐकून हसले असते.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी, तुमच्या देवळात पाळणा म्हटला जाईल, तेव्हा ओळीच्या शेवटी म्हणणारीचा दम संपेल आणि क्षणभर काहीच ऐकू येणार नाही. ती जागा भरायची घाई करू नका. तेवढ्या शांततेत विसूभाऊंची आठवण करा.